तीन घागरींचं पाणी

आक्का कुणाकडे गेल्या की पाणी प्यायच्या नाहीत, आधी चाखायच्या. फुलपात्र तोंडाला लावून एक घोट घ्यायचा, तो जिभेवर धरून आढ्याकडे बघत बसायचं, घरातली माणसं अवघडून गप्प होईपर्यंत. मग घोट गिळून घरच्या बाईला विचारायचं, "टाकी कवा धुतली हुती?"

त्या माझ्या घरमालकीण. पंचगंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली त्या एकट्या, वर आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मुलगी. अकरा वर्षं राहिलो आणि अकरा वर्षं मी त्यांच्या लेखी 'पावणं'च होतो. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. परीक्षानळ्या धुतल्या, द्रावणं बनवली, प्राध्यापकांच्या चुका पोरांना कळू न देता दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर कॉलेजनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. एप्रन त्यांनी स्वतः उचलून आणला. नंतर साडीवर तोच पांढरा एप्रन घालून त्या सगळीकडे जायच्या, भाजीला, लग्नाला, अंबाबाईला. "खिसं हायत त्याला," एवढंच स्पष्टीकरण. एका खिशात स्टीलचं फुलपात्र, दुसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या. पायात पुरुषांचे कॅन्व्हासचे बूट.

मागच्या वर्षी त्या गेल्या. गल्लीतल्या तालमीत छोटी शोकसभा झाली आणि भाडेकरू म्हणून मला चार शब्द बोलायला लावलं. मी त्यांच्या जिभेबद्दल बोललो. लोक हसले, दोघीतिघींनी डोळे पुसले. पाच मिनिटांत मी सगळं सांगितलं आणि एक गोष्ट गाळली. ती तोवर मी बायकोलाही सांगितली नव्हती. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याची एक सोय असते, तो काय लपवतोय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आधी त्यांची जीभ.

आमच्या जिन्याखाली एक फळी होती. तिच्यावर औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत निरनिराळ्या ठिकाणचं पाणी भरून ठेवलेलं. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बारीक, प्रयोगशाळेतलं अक्षर. 'वडगाव, लग्नघर, विहीर.' 'मलकापूर, स्टँडमागचा हातपंप.' 'कुरुंदवाड, घाट, डावीकडचं.' 'कुरुंदवाड, घाट, उजवीकडचं.' कृष्णा आणि पंचगंगा भेटतात तिथं दोन्ही काठांचं पाणी वेगळं लागतं, असा त्यांचा दावा होता. मी एकदा म्हटलं, "आक्का, संगमानंतर पाणी एकच झालं की."

"भेटल्या म्हणून लगीच एक हुत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "नवरा-बायकूला इस वर्सं लागत्यात."

नदीचं पाणी त्या गिळत नसत. चूळ भरून टाकायच्या, मग डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहायच्या. येणारेजाणारे वळून बघायचे. त्यांना त्याचं काही नसायचं.

पेठ वडगावच्या एका लग्नात जेवणावळीत त्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतलं. "भात हिरीच्या पाण्यात शिजिवलाय आन् आमटी बोअरच्या. का?" आचारी आधी तोऱ्यात होता, मग हळूच म्हणाला, "मोटर मधीच बंद पडली ओ आक्का." तो दिवसभर त्यांच्या मागं मागं होता, एखाद्या बुवाच्या मागं असावा तसा.

आमच्या सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्या गटात दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांचा यावर विश्वास बसेना. एका रविवारी त्यांनी घरी चार पेले मांडून आक्कांची परीक्षा घेतली. आक्कांनी पहिले तीन बरोबर सांगितले. एक डॉक्टरांच्या नळाचं, एक माझ्या घरचं, एक विकतच्या बाटलीतलं. चौथा घोट त्यांनी बराच वेळ धरला आणि म्हणाल्या, "ह्यात पाण्याचा काय दोष न्हाय. पेला नीट धुवा." डॉक्टरांच्या बायकोनं पुढं सहा महिने आक्कांना घरात येऊ दिलं नाही.

अनोळखी माणूस भेटला की त्या नाव, गाव, जात यातलं काही विचारत नसत. "तुमच्यात पाणी कुठलं?" हाच पहिला प्रश्न. एसटीचा कंडक्टर असो नाहीतर बँकेचा मॅनेजर. मी विचारलं होतं, हे कसलं विचारणं? तर म्हणाल्या, "जात इचारली की माणूस आकसतंय. पाणी इचारलं की घरातलं सांगाय लागतंय, कोण भरतं, किती लांबनं आणतं, कुणाचं कुणाशी पटत न्हाय. तुमी इमेवाली माणसं, तुमास्नी कसं कळणार?" मी विमा कंपनीत नोकरी करतो. आमच्या फॉर्मवर घरातल्या सगळ्यांची नावं असतात, पाणी कोण भरतं हा रकाना नसतो. हे मला त्यांनी म्हटल्यावरच जाणवलं.

चालण्याची कल्पना डॉक्टरांची. त्यांची मुलगी परदेशात असते. तिकडं लोक एखाद्या कामासाठी ठरवून लांब अंतर चालतात आणि ओळखीपाळखीची माणसं त्यांच्या प्रत्येक किलोमीटरमागं काहीतरी देतात. आपणही तसं करू, डोंगरातल्या एखाद्या वस्तीला झरा बांधून देऊ, साठवणीची टाकी देऊ. पत्रक छापलं, 'हवामानबदलाची झळ सोसणाऱ्या गावांसाठी चला, चालू या.' मला सचिव केलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी कुणाला नाही म्हणत नाही.

गल्लीत पत्रक वाटताना दूधवाल्यानं विचारलं, "चालणार तुमी आन् देणार आमी? मग बसून ऱ्हायलासा तर किती द्यायचं?"

आक्कांनी पत्रक दोनदा वाचलं. "चालल्यावर पाणी कसं येतंय?" मी समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी एप्रन चढवून गल्लीत निघाल्या आणि पैशाऐवजी दिवस मागू लागल्या. कोपऱ्यावरच्या गवंड्याला म्हणाल्या, "मी चालतो. किलोमीटरला तुझा एक दिवस." गवंडी त्यांच्या गुडघ्यांकडं बघत म्हणाला, "घ्या की. तुमी काय चौकापुढं जात न्हाईसा." प्लंबरनं किलोमीटरला एक पाइप कबूल केला, हार्डवेअरवाल्यानं एक पोतं सिमेंट. मला म्हणाल्या, "पैसं मागितलं की माणूस खिसा चाचपतंय. दिवस मागितला की हसत देतंय." कोल्हापुरात पुष्कळ बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, आक्काही तसंच बोलायच्या. त्यांच्या तोंडून 'मी चालतो' ऐकलं की त्या खरंच कुठवर चालतील, याची धास्ती वाटायची.

यादीत दोन जागा होत्या. मलकापूरहून आत गेल्यावर डांबरी रस्त्याला लागून एक गाव, आणि त्या गावाच्या वर पाच किलोमीटर चढून गेलं की सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर, एक धनगरवाडा. दोन्हींपैकी एकाला काम द्यायचं होतं. नावं मी लिहीत नाही, त्याचं कारण पुढं येईल.

पाहणीला मी महाशिवरात्रीच्या सुमारास गेलो. आक्का न विचारता जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

खालच्या गावात शाळा होती, सभागृह होतं, बस वळवायला जागा होती. झऱ्याला पाइप लावून नळ काढलेला, त्यातून पाणी पडत होतं. मे महिन्यात कमी पडतं म्हणाले. आम्ही वर चढलो. आक्कांना दोन तास लागले, कारण दर वळणावर थांबून त्या काहीतरी तोडून चघळत होत्या.

धनगरवाडा सात-आठ घरांचा. सगळ्यात वयस्क माणूस, ज्याला सगळे म्हातारबा म्हणत, पायवाटेवर आम्हाला घ्यायला आला होता. अंगणात पाट मांडलेला. त्याच्या थोरल्या सुनेनं तांब्यांवर तांबे कोमट पाणी ओतून आमचे पाय धुतले. दारात घागरी भरून एका ओळीत ठेवलेल्या, वर पितळी झाकण्या, झाकण्यांवर हळद-कुंकू. मग पाणी-गूळ, मग म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा. मी असं आदरातिथ्य शहरातल्या व्याह्यांकडंही बघितलेलं नाही.

फॉर्म काढून मी विचारलं, "पाण्याची अडचण आहे का?"

म्हातारबा पटका सारखा करत म्हणाला, "तशी काय अडचण न्हाय, पावणं. देवाच्या दयेनं भागतंय."

"उन्हाळ्यात?"

"भागतंय की."

सून दाराच्या चौकटीला टेकून सासऱ्याकडं बघत होती.

आक्कांनी त्यांचं फुलपात्र काढलं. पहिल्या घागरीतलं पाणी चाखलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. म्हातारबाला ते आवडलं नाही. मलाही ओशाळल्यासारखं झालं. मग त्या सुनेला म्हणाल्या, "चल, मला तुझा पाणवठा दाव," आणि दोघी कातळाच्या कडेनं दिसेनाशा झाल्या. तासाभरानं परत आल्या तेव्हा मी फॉर्म भरून ठेवला होता. पाण्यापुढं 'पुरेसं' लिहिलं होतं. घागरी मी डोळ्यांनी बघितल्या होत्या.

उतरताना निम्म्या वाटेवर आक्का एका दगडावर बसल्या आणि बोलल्या. पहिल्या घागरीत त्यांच्या झऱ्याचं पाणी होतं. गंजासारखी चव, तळ खरवडून भरलेलं. दुसरीत खालच्या गावच्या नळाचं, त्यात ब्लीचिंग पावडर. तिसरीत म्हशींच्या डबक्याचं, फडक्यानं गाळून उकळलेलं. त्याच पाण्यानं आमचे पाय धुतले होते. पाहुणे येणार म्हणून वाड्यातल्या बायका दोन दिवस डोक्यावरनं पाणी वर चढवत होत्या.

"शिमग्यापतोर झरा संपतोय त्यांचा. आदी अक्षय तृतीयेपतोर चालायचा. मी सुनंला इचारलं, पाऊस कमी झालाय व्हय? तर न्हाय म्हणती. आदी चार म्हैने भुरभुर पडायचा, सडा पाणी पीत बसायचा. आता आठ दिवसांत सगळा वततोय आन् सड्यावरनं वाहून जातोय." त्यांनी खाली दरीकडं हात केला. "आन् ते वाहून गेलेलं कासारी नदीतनं खाली येऊन पुरात आपल्या गल्लीत कंबरंएवढं हुबं ऱ्हातंय. त्यांचं प्यायचं पाणी आपण बादलीनं उपसून टाकतोय, पावणं."

"मग म्हातारबा खोटं का बोलला?"

"तुमी पावणं हायसा. तुमच्या म्होरं घर कोरडं हाय म्हणून सांगंल व्हय तो?" मग म्हणाल्या, "ह्ये तुमच्यापतोरच ठेवा. पण फॉर्म बदला."

"बदलतो," मी म्हणालो.

बदलला नाही. त्याची कारणं आता लिहिताना फार किरकोळ वाटतात. डॉक्टरांना आधीच खालचं गाव पसंत होतं. तिथं बस जात होती, देणगीदारांच्या बायका-मुलांना नेता येत होतं, सभागृहात जेवण ठेवता येत होतं. फलकावर गावाचं नाव छापायला गेलं होतं. आणि फॉर्म काही खोटा नव्हता, जे बघितलं तेच लिहिलं होतं. वाद नको म्हणून मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी जशाच्या तशा राहू दिल्या आहेत. ही त्यातली एक.

चालण्याच्या दिवशी सगळे पांढऱ्या टी-शर्टात, आक्का पांढऱ्या एप्रनमध्ये. गल्लीतली माणसं टेम्पोतून त्यांना बघायला आली होती, गवंडी सगळ्यात पुढं. त्यानं आपले किती दिवस जातात ते बोटावर धरलं होतं. आक्का सगळ्यांत शेवटी पोचल्या. शाळेच्या पटांगणात फीत बांधली होती, टाळ्या वाजल्या, माझ्या हातात माईक होता. सगळ्यात वयस्क चालणारी म्हणून त्यांचा सत्कार ठरला होता.

त्या फितीखालून आल्या आणि थांबल्या नाहीत. पटांगण ओलांडून मागच्या पायवाटेला लागल्या.

"आक्का, कुठं निघालासा?" गवंडी ओरडला. "संपलं की."

"अजून पाच हाय," आक्का म्हणाल्या. "सचिवास्नी इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टर, गल्ली, गावाचे सरपंच, शाळेची पोरं. एका वाक्यात सांगता आलं असतं. वर एक वाडा आहे, काम तिथं व्हायला हवं होतं, चूक माझी. मी माईकवर म्हणालो, "आक्कांचं आता वय झालंय. अलीकडं त्यांचा जरा गोंधळ होतो. कुणीतरी त्यांना सावलीत बसवा."

लोक हसले. वाईट नाही, मायेनंच हसले. गवंड्यानं जाऊन त्यांचा हात धरला.

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्या मागं उभ्या असलेल्या गावकऱ्यांवर गेली आणि त्यांनी तोंड मिटलं. गवंड्याबरोबर चिंचेखाली जाऊन बसल्या. झुणका-भाकरी खाल्ली. पाणी प्यायल्या, न चाखता.

टाकी खालच्या गावात झाली. आक्का चालल्या तेवढे दिवस गवंड्यानं तिथं काम केलं. त्या उन्हाळ्यात धनगरवाड्यातली माणसं म्हशी घेऊन खाली उतरली आणि ओढ्याकाठी पाल टाकून राहिली. आक्कांना ते कुणाकडून तरी कळलं. जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, "वरची खाली आल्यात." एवढंच.

मला त्याहून जास्त लागलं ते गल्लीतलं. आक्कांनी कुठं पाणी चाखलं की माणसं एकमेकांकडं बघून डोळे मिचकावायची. "असू दे आक्का, टाकी कालच धुतलीया." न धुतलेली असायची. माझी बायकोसुद्धा म्हणाली, "गोंधळ होतो म्हणत होता ना तुम्ही, मग जिन्यातल्या त्या बाटल्यांचं काय करायचं?" दूधवाल्याच्या दुधात पाणी कुठलं, हे त्या पूर्वी चारचौघांत सांगायच्या आणि तो चळचळा कापायचा. आता तो हसायचा. हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं. चाखायच्या, आढ्याकडं बघायच्या आणि फुलपात्र खाली ठेवायच्या. कळलेलं तोंडातच राहायचं. माझ्या एका वाक्यानं त्यांच्या जिभेची किंमत गेली, आणि मी वरच्या मजल्यावर राहून ते बघत होतो.

माझ्याशी मात्र त्या पहिल्यासारख्याच वागल्या. तेच 'काय पावणं', तीच चटणी वाटीतनं वर यायची. त्यांनी मला कधी विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. यावर मी तीन वर्षं जगलो. मी धरून चाललो होतो की त्यांनी मला पोटात घातलंय. भाडेकरूची अब्रू राखली. कधीकधी तर त्यांचा रागही यायचा, इतकं मोठं मन करायची काय गरज होती म्हणून.

या वर्षी डॉक्टरांनी पुन्हा चालायचं काढलं. पाहणीचं विचारलं तर म्हणाले, "जुनाच फॉर्म चालेल की. तेच गाव घेऊ, दुसरी टाकी देऊ." मी हो म्हणालो आणि त्या शनिवारी एकटाच धनगरवाड्यावर गेलो. कशासाठी गेलो ते नीट सांगता येत नाही. माफी मागायची होती म्हणावं तर कुणाची, तेही ठरलेलं नव्हतं.

चार घरांना कुलपं होती. म्हातारबा वारल्याचं सून म्हणाली. मला ओळखलं तिनं. बसायला घोंगडं टाकलं. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं, फॉर्मचं, माईकचं, आक्का गेल्याचं. ती शेण थापता थापता ऐकत होती.

"आक्का गेल्या हे कळलं हुतं," ती म्हणाली. "माईकचंबी कळलं हुतं. माझ्या जावंचं म्हायेर हाय न्हवं खाली."

"मग त्या गप्प का राहिल्या? सगळ्यांसमोर सांगायचं होतं. मला वाचवायला..."

"तुमास्नी?" तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. खरंच कोड्यात पडली होती. "तुमचं काय मधीच? मी त्यास्नी पाणवठ्यावर गळ्याची आण घातलेली. धाकट्या दिराचं लगीन ठरत हुतं, खालच्याच गावात. पाणी न्हाय म्हटल्यावर वर पोरगी कोण देतंय? मामांजींनी त्याच्यापायीच तर घागरी भरून ठेवाय लावल्या हुत्या. पोरीचा बा त्या दिवशी तुमच्या मागंच हुबा हुता म्हणं."

तीन वर्षं मी ज्या क्षमेच्या ओझ्याखाली वाकून होतो, ती कुणी केलीच नव्हती. आक्का शब्द पाळत होत्या, एका बाईला दिलेला. तो पाळायला त्यांनी स्वतःला वेडं ठरवून घेतलं. त्यांच्या हिशेबात मी कुठं नव्हतोच.

"आणि मला का सांगितलं मग?" मी विचारलं. "आण मोडून?"

"तेबी मला सांगितलं त्यांनी, पुढं दुसऱ्या खेपंला एकट्याच वर आल्यावर. म्हणल्या, एकालाच सांगितलंय, त्यो कुणाशी बोलत न्हाय." शेणाचा हात धुवायला ती उठली, कळशीत बघितलं आणि तो मातीला पुसला. "दिराचं लगीन झालं. पोरगीबी नांदाय आली, आन् मार्चात म्हायेरला गेली ती पाऊस पडल्यावर येती. आता लपवून काय करू? लिवा तुमी. फकस्त छापताना नाव घालू नका. अजून दोन पोरं हायत लग्नाची."

मी लिहून घेतलं. या खेपेला ती सांगत होती आणि मी मधे बोललो नाही.

बैठक रविवारी सकाळी तालमीत होती. मी गवंड्यालाही बोलावलं. ज्या गोष्टीला माईक लागला होता ती कुजबुजून सांगण्यात अर्थ नव्हता. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, वाड्याचं नाव कुठं छापायचं नाही असं बजावून. आक्कांचा कधीच गोंधळ झाला नव्हता, ते मी रचलं होतं, हेही. आता कुणीतरी मला शिव्या घालेल म्हणून मी थांबलो.

गटात नव्यानं आलेल्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांनी हात वर केला. "पण तीन घागरींत तीन ठिकाणचं पाणी आहे, हे त्यांना नुसतं चाखून कसं कळलं?"

मी गंजाच्या चवीचं सांगितलं. ब्लीचिंग पावडरचं सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, उकळलेलं पाणी कसं ओळखायचं? डॉक्टर आतापर्यंत मोबाइलमध्ये बघत होते. त्यांनीच मान वर करून चार पेल्यांची हकीकत सांगितली, पेला धुवायच्या वाक्यासकट. मग तासभर तेच चाललं. कुरुंदवाडचे दोन काठ, वडगावचा आचारी. माझ्या कबुलीबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. या वर्षीच्या चालण्याचा शेवट वरच्या वाड्यावर करायचा आणि टाकीही तिथंच बांधायची, हे मधेच कधीतरी ठरून गेलं. चढ पाच किलोमीटर आहे आणि बस जात नाही, हे ऐकल्यावर सात जणांनी नावं काढून घेतली.

गवंडी मागं भिंतीला टेकून बसला होता. तो हसला नव्हता. सगळे उठल्यावर माझ्याजवळ आला.

"मी त्यांचा हात धरून बशिवलं हुतं," तो म्हणाला.

मी कागदांची घडी करून खिशात घातली.

"वर वाळू न्यायला गाढवं मिळत्यात, का डोक्यावरनंच न्ह्यावी लागंल?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग ते इचारून या आदी. आन् दगड तिथला चालतोय का, तेबी बगा."

बुधवारी रजा टाकली आहे. तेवढं विचारून येतो.